रात्रीचं नाशिक: एनसी, तडीपारी की कॅमेरे? नेमकं काय उपयोगी पडतं?

सोसायटी_सचिव

आमच्या रस्त्यावरच्या सात-आठ सोसायट्या मिळून पोलिसांना आणि महापालिकेला एकत्र निवेदन द्यायचं ठरलंय. भाग मुद्दाम लिहीत नाही. सिडको घ्या, जेल रोड घ्या नाहीतर म्हसरूळ, दुखणं तेच आहे. पार्किंगमधून दुचाकी जातात, सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातलं ओढतात, मोकळ्या प्लॉटवर मध्यरात्र उलटेपर्यंत बाटल्या आणि स्पीकर, आणि हटकलं की दुसऱ्या दिवशी गाडीची काच फुटलेली.

बैठकीत तीन तट पडले. पहिला: दोन-चार जणांना तडीपार करा, बाकीचे आपोआप सरळ होतात. दुसरा: पोलिसांत जाऊन काही होत नाही, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात देऊन वाटेला लावतात, त्यापेक्षा वर्गणी काढून कॅमेरे लावू. तिसरा: नाशिक आता पुण्याच्याही पुढे गेलं, फ्लॅट विका आणि निघा.

मला हवंय ते एवढंच. एनसी आणि एफआयआरमध्ये प्रत्यक्षात काय फरक पडतो? तडीपारी होते कशी? आठ कॅमेऱ्यांसाठी काय घ्यावं? आणि निवेदन फाइलला लागून पडू नये म्हणून त्यात काय असावं? भाषणं नकोत, कृपया.

करंजावाला

पहिल्या प्रश्नावरच जास्त लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

पोलीस ठाण्यात तुमचं म्हणणं चार प्रकारे कागदावर येतं: तक्रार अर्ज, स्टेशन डायरीतली नोंद, अदखलपात्र म्हणजे एनसी, आणि एफआयआर. अर्जाला आवक क्रमांक आणि शिक्का मिळतो, चौकशी बीटच्या अंमलदाराकडे जाते, आणि बहुतेक वेळा तिथेच बसते. एनसीत ठाणे अंमलदार मजकूर नोंदवून घेतो आणि तुम्हाला न्यायालयात दाद मागायला सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यात तपास करताच येत नाही. म्हणजे ‘एनसी घेतली पण तपास केला नाही’ ही तक्रार कायद्यात बसत नाही. शिवीगाळ, दमदाटी, साधी मारहाण हे सगळं बहुधा एनसीतच जातं.

गोम अशी, की कुठली घटना एनसीत जाईल आणि कुठली एफआयआरमध्ये, हे बऱ्याच वेळा तुम्ही काय सांगता यावर ठरतं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. पाच हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे. मोबाइल गेला आणि तुम्ही ‘जुना होता, असेल तीन-चार हजारांचा’ म्हणालात, की संपलं. खरेदीचं बिल घेऊन जा, खरी किंमत लिहा.

साखळी ओढण्याचंही तसंच. फिर्यादीत नुसतं ‘हिसकावून नेली’ असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ओढताना गळ्यावर ओरखडा उठला, ढकलल्याने बाई पडली, धाक दाखवला, तर ती जबरी चोरी, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मंगळसूत्राच्या तारेचा वळ मानेच्या मागच्या बाजूला उठतो, दोन दिवसांत फिका पडतो. त्याच दिवशी सिव्हिलला नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून कागद घ्यायचा आणि फिर्यादीत ‘मानेवर खरचटले’ हे शब्द आले की नाही ते सही करण्याआधी वाचायचं. घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही, म्हणून सोबत जाणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. हद्दीचा वाद घातला तर ‘शून्य क्रमांकाने घ्या’ म्हणा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घ्यावीच लागते. ऑनलाइन किंवा मेलवर माहिती दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची, नाहीतर तिचा उपयोग नाही. घेतलीच नाही, तर पोस्टाने लेखी फिर्याद उपायुक्तांना, आणि तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची, हेही आता कायद्यात आहे. ते आपण विचारत नाही म्हणून कळवलं जात नाही.

तुमचा दुसरा तट ‘पोलिसांत जाऊन काही होत नाही’ म्हणून नोंदच करत नाही. मग त्या रस्त्यावर कागदोपत्री काहीच घडलेलं नसतं. रात्रीची गस्त, बीट मार्शलच्या फेऱ्या नोंद झालेले गुन्हे बघून ठरतात, व्हॉट्सॲप ग्रुप बघून नाही.

एमआयडीसी_दुसरी_पाळी

करंजावाले, सगळं बरोबर, पण तुम्ही सगळा भार फिर्यादीवर टाकताय. अंबड-सातपूरला दुसरी पाळी सुटल्यावर सायकलवर नाहीतर पायी निघालेल्या कामगाराचा पगाराच्या आठवड्यात मोबाइल आणि पाकीट जातं. तो ठाण्यात दोन तास बसला तर दुसऱ्या दिवशीचा खाडा पडतो. कंत्राटी माणूस फिर्याद देतच नाही. त्याला बिल कुठून आणायला सांगता?

त्यापेक्षा जागा दुरुस्त करा. ओढाओढी होते त्या जागा मोजक्या असतात: दिवा बंद असलेलं वळण, झाडाच्या फांद्यांत बुडालेला दिवा, कुंपण नसलेला प्लॉट, नाल्याकाठची पाऊलवाट. यातलं एकही काम पोलिसांचं नाही.

दिव्याच्या तक्रारीत ‘चौकातला दिवा बंद’ लिहू नका. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहा आणि फोटो जोडा. क्रमांक पुसला गेला असेल तर दोन्ही बाजूंच्या खांबांचे द्या. एकच दिवा बंद असेल तर दिवा नाहीतर त्याला वीज देणारा भाग (ड्रायव्हर) गेलाय, ओळीने सगळे बंद असतील तर केबल, फ्यूज नाहीतर टायमर. हे तक्रारीतच सांगितलं तर माणूस योग्य सामान घेऊन येतो. फांद्या असतील तर तक्रार विद्युत विभागाकडे नाही, उद्यान विभागाकडे. आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली तुमच्यावरच गुन्हा व्हायचा.

मोकळ्या प्लॉटला मालक असतो. सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डावर नाव मिळतं, गटाची जमीन असेल तर सातबाऱ्यावर. ते नाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक टाकून विभागीय कार्यालयात अर्ज द्या, की मालकाला सफाई आणि कुंपणाची नोटीस काढा. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, नवीन नाशिक, सातपूर. चुकीच्या विभागात दिलेला अर्ज महिनाभर नुसता फिरतो. गाजरगवत कापलं आणि तारेचं कुंपण झालं तर निम्मे बसणारे उठून जातात.

करंजावाला

उठून जातात ते पुढच्या गल्लीत बसायला, दादा. पण कामगाराचा मुद्दा मान्य. त्याच्यासाठी निदान दोन गोष्टी फुकट आहेत. मोबाइल गेला की राज्य पोलिसांच्या पोर्टलवर नोंद किंवा ठाण्याची तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि मग सीईआयआरच्या, म्हणजे हरवलेले फोन बंद करायच्या केंद्राच्या पोर्टलवर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून फोन ब्लॉक करायचा. तिथे ओटीपी लागतो, म्हणून सिम आधी. आयएमईआय मिळवायला आजच *#०६# दाबून दोन्ही क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो दाबायला फोन नसतो! ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम टाकलं की माग लागतो आणि ठाण्याला कळतं. फोन परत मिळाल्याच्या बातम्या येतात त्यामागे हेच असतं.

कोर्टाच्या_पायऱ्या

तडीपारीबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच चित्र आहे, म्हणून लांबण लावतो.

तडीपारी म्हणजे हद्दपारी, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. टोळी असेल तर कलम ५५, एकटा असेल तर ५६, आधी शिक्षा झालेला असेल तर ५७. आयुक्तालयात आदेश उपायुक्त काढतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याआधी कलम ५९ ची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, वकील, साक्षीदार. आदेशावर ३० दिवसांत शासनाकडे अपील. मोडून हद्दीत दिसला तर कलम १४२.

आता हे प्रस्ताव टिकत का नाहीत ते बघा. कलम ५६ मध्ये सरळ अट आहे, की त्या माणसाच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत झालं पाहिजे. ते मत हवेतून होत नाही, त्यासाठी गोपनीय जबाब लागतात. नाव उघड होत नाही, पण प्रसंग, साधारण काळ आणि ठिकाण त्यात असावं लागतं. ‘तो गुंड आहे, सगळे घाबरतात’ एवढाच जबाब कोर्टात टिकत नाही. दुसरं, प्रस्तावात चार-पाच वर्षांपूर्वीचे गुन्हे भरून आकडा फुगवला जातो. जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तडीपारी रद्द केली, ती जुने गुन्हे धरल्यामुळे आणि पूर्ण दोन वर्षंच का याचं कारण न लिहिल्यामुळे. ही असाधारण कारवाई आहे, माणसाच्या फिरण्याच्या हक्कावर घाला आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

म्हणजे अलीकडच्या सहा-आठ महिन्यांतल्या नोंदी आणि दोन ठोस गोपनीय जबाब. तुमच्या सात-आठ सोसायट्यांत जबाब द्यायला दोन माणसं मिळत नसतील, तर बैठकीत तडीपारीची मागणी करून उपयोग काय?

लोक विसरतात ती मधली पायरी म्हणजे चॅप्टर केस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणूनची कारवाई. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२६ आणि सराईतांसाठी १२९. आयुक्तालयात सहायक आयुक्त कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नीट वागण्याच्या हमीचा बॉण्ड लिहून घेतात, १२६ मध्ये एक वर्षापर्यंत, १२९ मध्ये तीन वर्षांपर्यंत. बॉण्ड मोडला तर उरलेल्या मुदतीसाठी आत. मात्र बॉण्ड मोडला हे दाखवायला पुन्हा नोंद लागते. ज्या एनसीला सगळे नावं ठेवतात, ती इथे कामाला येते. तीच ती चार नावं लागोपाठच्या एनसींत आली, की चॅप्टर केसचा पाया तयार. म्हणून एनसी देताना ‘अनोळखी मुले’ लिहू नका. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर टोपणनाव, गाडीचा क्रमांक, हातावरचं गोंदण, काहीही.

आणि तडीपार माणूस सिन्नर नाहीतर घोटीत खोली घेऊन राहतो, रात्री येऊन जातो, हेही खरं. तो दिसला तर ११२ ला फोन करताना ‘तडीपार आहे’ हा शब्द वापरा. नुसतं ‘संशयित फिरतोय’ म्हटल्यावर गाडी येऊन विचारपूस करून निघून जाते.

भो_काय_सांगतो

ते कोयत्यावाल्यांचं काय मग? रील टाकतात, दोन दिवसांत बाहेर येऊन जल्लोष करतात. चॅप्टर केसने काय होणार?

कोर्टाच्या_पायऱ्या

दोन दिवसांत बाहेर येतात त्याचं कारण कलमात आहे. कोयता हे शेतीचं अवजार. शस्त्र नियमांत धारदार हत्यार ठरवायला पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असं माप आहे, पण घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ऊस नाही, द्राक्षबाग नाही आणि रात्री बारा वाजता भर चौकात कमरेला कोयता, तर वापर शेतीचा नाही हे पंचनाम्यात लिहावं लागतं. तेवढं लिहिलं तर शस्त्र अधिनियमाचं कलम ४ आणि २५ लागतं. नाहीतर मनाई आदेशाचा भंग, म्हणजे पोलीस अधिनियम ३७ आणि १३५, एवढ्यावरच भागतं आणि जामीन लगेच. पंच म्हणून सही करायला बोलावलं की आपण मागच्या दाराने निघतो, ते इथे नडतं.

आणि त्यातली बरीच पोरं अठराच्या आतली, कागदावर ‘विधिसंघर्षित बालक’. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं तर गुन्हा अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा लागतो, आणि आधी बाल न्याय मंडळाचं मूल्यमापन. कोयता नाचवणं त्यात बसत नाही. पोरांना वापरून घेणारे सराईत हे जाणून असतात, म्हणून कोयता पोराच्या हातात देतात. रील दिसलं तर लिंक, खात्याचं नाव आणि तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. खाली कमेंट करू नका, डिलीट होतं.

गोदाकाठची

आता तिसऱ्या तटाबद्दल. ‘नाशिक पुण्याच्या पुढे गेलं’ हे कुठल्या तक्त्यातून काढलं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातला महानगरांचा तक्ता २० लाखांच्या वरच्या १९ शहरांचा असतो. त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत, नाशिक नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. नाशिकचे आकडे जिल्हावार तक्त्यांत मिळतात, तिथे शहर आयुक्तालय आणि ग्रामीण वेगवेगळे असतात. बातमीत अनेकदा दोन्हींची बेरीज करतात आणि मालेगावचा गुन्हा गंगापूर रोडच्या नावावर पडतो. शिवाय दर लाखामागचं प्रमाण काढताना लोकसंख्या जुन्या जनगणनेवर बेतलेली, त्यामुळे वाढत्या शहराचं प्रमाण फुगून दिसतं. आणि एखाद्या वर्षी ठाण्यांनी एफआयआर टाळणं कमी केलं तर आकडा वर जातो, तेव्हा शहर बिघडलेलं नसतं, उलट.

पण म्हणून सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावातला एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना मुंबई पोलिसांनी येऊन पकडला. शेजारच्या गाळ्यांत कोणालाच काही दिसलं नाही? अमली पदार्थांची माहिती नाव न सांगता १९३३ वर देता येते, केंद्राची हेल्पलाइन आहे, स्थानिक ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही.

दुसरं, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी सराईतांना कॅमेऱ्यासमोर हे म्हणायला लावलं तेव्हा शहराने टाळ्या वाजवल्या. मला त्यात बालेकिल्ला कमी आणि तमाशा जास्त दिसला. धिंड हा पुरावा नाही. ओळखपरेड व्हायच्या आधीच आरोपीचा चेहरा घराघरांत पोचला, तर साक्षीदाराने त्याला ओळखलं याला कोर्टात काय किंमत राहते?

भो_काय_सांगतो

ताई, तुमचं कायद्याने बरोबर असेल. पण त्या महिन्यात पोस्टर उतरले, ‘भाई’चे वाढदिवस रस्त्यावर व्हायचे बंद झाले. लोकांना तेवढंच दिसतं. खटला पाच वर्षांनी उभा राहणार, आणि तोवर त्याच्याच शेजारी राहायचंय.

कोर्टाच्या_पायऱ्या

दोघांचंही अर्धं-अर्धं घेतो. धाक बसला हे खरं. पण टिकायचा तर ओळखपरेड नीट व्हायला हवी, आणि ताईंचा मुद्दा बचावाचा वकील पहिल्याच तारखेला मांडतो.

गोदाकाठची

स्पीकरचं राहिलं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सवलतीचे दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५, तेही मध्यरात्रीपर्यंतच, आणि ते आधी जाहीर होतात. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा पोलिसांना देऊन वाद घालू नका, ते यंत्र प्रमाणित नसतं. दहानंतर मोजायची गरजच नाही, उघड्यावर स्पीकर चालू असणं हाच भंग. तुम्ही फक्त वेळ, जागा आणि स्पीकर कोणत्या तोंडाने लावलाय ते सांगा.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत आदेश दिलाय, की ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागू नका आणि उघडही करू नका. काच फुटण्याची भीती असेल त्यांनी हा आदेश फोनवर शांतपणे आठवून द्यावा.

११२ ला फोन करताना एक ध्यानात घ्या, फोन उचलणारा नाशिकमध्ये बसलेला नसतो. ‘त्रिमूर्ती चौकाच्या पुढे’ त्याला कळत नाही. शहर, पोलीस ठाणं, रस्ता, मोठी खूण, या क्रमाने सांगा. फोनचं लोकेशन चालू ठेवा. घटनेचा क्रमांक येतो तो जपून ठेवा, कारण गाडी येऊन गेल्यावर काय केलं याची नोंद त्या क्रमांकावर होते. तुमच्या निवेदनाला हे क्रमांक जोडा: तारीख, वेळ, क्रमांक, गाडी किती वाजता आली. पानभर विशेषणांपेक्षा असा एक तक्ता वरिष्ठ निरीक्षकाला जास्त टोचतो. तीच प्रत सहायक आयुक्तांना आणि उपायुक्तांना, प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का.

लेन्स_आणि_केबल

कॅमेऱ्यांवर येतो. वर्गणी गोळा व्हायच्या आत वाचा.

सोसायट्यांचे कॅमेरे चोर पकडून देत नाहीत याचं कारण कॅमेरा स्वस्त असतो हे नाही. तो चुकीच्या जागी असतो. बारा फुटांवर, रुंद लेन्स, पूर्ण गेट दिसेल असा. त्यात टोपीचा शेंडा दिसतो आणि गाडीच्या नंबरचा पांढरा ठिपका. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश परावर्तक नंबरप्लेटवरून थेट परत येतो आणि प्लेट जळाल्यासारखी पांढरी होते.

आठपैकी दोन कॅमेरे वेगळ्या कामाला ठेवा. एक फक्त नंबरसाठी: लांब फोकसची लेन्स, गेटच्या गतिरोधकावर रोखलेली, उंची साधारण चार-पाच फूट, कोन तिरका पण ३० अंशांच्या आत, शटर १/५०० च्या आसपास आणि एक्स्पोजर ऑटोवर न ठेवता हाताने कमी केलेलं. चित्र काळंकुट्ट दिसेल आणि नुसती प्लेट उठून येईल, तेच हवंय. समिती म्हणेल बिघडलाय, बदलू देऊ नका. दुसरा चेहऱ्यासाठी: पादचारी गेटवर, डोळ्यांच्या थोडा वर, मागे दिवा नको. उरलेले सहा रुंद चालतील.

साठवण मोजा. एका कॅमेऱ्याला २ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला १७३ जीबी. विकणारा १ टीबीची डिस्क घालून देतो, ती सहा दिवसही पुरत नाही. आणि गावाला गेलेला माणूस दहा दिवसांनी परत येऊन कुलूप तुटलेलं बघतो. ३० दिवस हवे असतील तर ६ टीबी, तीही सीसीटीव्हीसाठीची डिस्क, कॉम्प्युटरमधली जुनी काढून लावायची नाही. रेकॉर्डर आणि राउटर दोन्हींना यूपीएस. रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका, आधी तोच उचलून नेतात.

सगळ्यात जास्त पुरावा वाया जातो तो घड्याळामुळे. रेकॉर्डरची वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे असते, वीज जाऊन आली की कधी कधी २००० सालावर जाते. इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय चालू करा. तरीही पंचनाम्याच्या वेळी स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक लिहून घ्यायला सांगा.

फुटेज देताना स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून ग्रुपवर टाकणं हा पुरावा नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवा, हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) काढा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात: भाग अ रेकॉर्डर ज्याच्या ताब्यात तो भरतो, म्हणजे सचिव, आणि भाग ब तज्ज्ञ. हॅशचा आकडा दोन्हीकडे एकच हवा. पोलीस अख्खा रेकॉर्डर जप्त करायला निघाले तर आधी स्वतःची प्रत ठेवून घ्या, परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतो.

कॅमेरा शेजारच्या घराच्या खिडकीत डोकावत नाही ना, तेही बघा. अर्धे भांडण त्यावरून होतात.

सोसायटी_सचिव

भरपूर मिळालं, आभार. दोनच शंका. भाडेकरूंची माहिती पोलिसांना दिली की आपली जबाबदारी संपली का? आणि ज्यांच्या गाड्या गेल्यात त्यांना विमा कंपन्या फिरवतायत, त्यांनी काय करावं?

कोर्टाच्या_पायऱ्या

भाडेकरूची माहिती देणं आयुक्तांच्या मनाई आदेशाखाली येतं, न दिल्यास न्याय संहितेचं कलम २२३. पोर्टलवर भरली की पोच मिळते. पण पोच म्हणजे चारित्र्य पडताळणी नाही, ‘हा माणूस इथे राहतो’ एवढीच नोंद. करार ११ महिन्यांचा असेल तर नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा भरा. खोलीत नवीन माणूस आला तरी पुन्हा. सिंहस्थाच्या कामांसाठी आत्ताच बाहेरून मजूर आणि ठेकेदार येऊ लागलेत, २०२७ च्या ऑगस्टमध्ये पर्वणी सुरू होईपर्यंत एका खोलीत दहा-दहा राहतील. प्रत्येकाची नोंद करा, पण परप्रांतीय दिसला की संशयित हा धंदा करू नका. तुमच्या चौकातले चार कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

करंजावाला

गाडीचं मी सांगतो. गाडी नाही दिसली की आधी ११२, मग टोइंगवाल्यांनी तर नेली नाही ना ते वाहतूक शाखेत विचारा. निम्म्या ‘चोऱ्या’ तिथे सापडतात. नंतर ई-चलनच्या साइटवर आपला नंबर रोज टाकून बघा. चोर सिग्नल तोडतो, चलन फोटोसह येतं, आणि त्यात जागा-वेळ असते. तो फोटो तपास अंमलदाराला लगेच द्या. चारचाकी असेल तर फास्टॅग घाईने बंद करू नका. शिंदे, घोटी की पिंपळगाव, कुठल्या टोलचा मेसेज येतो त्यावरून दिशा कळते. तो पोलिसांना दाखवून मग बंद करा.

विम्याला त्याच दिवशी मेल. उशीर झाला असेल आणि एफआयआर लगेच झालेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. कंपनी मागते ते मुख्य कागद म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेली ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ‘क’ समरी, म्हणजे तक्रार ना खरी ना खोटी, झाली तर दावा अडतो, म्हणून अंतिम अहवाल कुठला पाठवला ते कोर्टात जाण्याआधी अंमलदाराला विचारा. सोबत आरसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आरटीओचे फॉर्म २८, २९ आणि ३०.

आणि दोन्ही किल्ल्या. कंपनी दोन्ही मागते. एक नसेल तर ‘किल्ली गाडीलाच होती’ असा अर्थ लावून निष्काळजीपणा दाखवते. दुसरी किल्ली आधीच हरवलेली असेल तर ती हरवल्याची नोंद गाडी जायच्या आधीच्या तारखेची हवी.